पाणी किथे आहे?

जरीपटक्यात कधी गेलात तर एक काम करा. बाजारातल्या एखाद्या दुकानाच्या बाजूला पाच मिनिटं नुसते उभे राहा. मोबाईल खिशात, इअरफोन काढलेले. आधी हिंदी ऐकू येईल, भरपूर. मधून मधून मराठी. मग एखाद्या आजींचा आवाज येईल, ‘पाणी किथे आहे?’ आणि तुम्ही वळून बघाल. कारण वाक्य कळलं. पण ते मराठी नव्हतं.

ती सिंधी. ‘पाणी किथे आहे’ म्हणजे पाणी कुठे आहे. हिंदीत पाण्याचा ‘ण’ गेला आणि ‘आहे’चं ‘है’ झालं. सिंधीत दोन्ही जसंच्या तसं आहे. मी नागपुरातच लहानाची मोठी झाले, जरीपटक्यातून शेकडो वेळा गेले असेन, दाल पकवान खाल्लंय, लग्नाची खरेदी केलीय. पण इथल्या भाषेत माझ्या भाषेचं ‘आहे’ बसलेलं आहे, हे मला बावीस वर्षांत कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही म्हणा.

कळलं ते कॉलेजातल्या एका मैत्रिणीमुळे. ती जरीपटक्यात राहते. तिच्या आजीची एक जुनी वही आहे, पुठ्ठ्याची, लाल कापडाची पाठ असलेली. त्यात काय लिहिलंय हे घरात कुणालाच माहीत नाही. आजी हिंडत्या-फिरत्या आहेत, वहीही समोरच कपाटात आहे. पण वही अरबी वळणाच्या सिंधी लिपीत लिहिलेली. मैत्रिणीच्या बाबांना ती लिपी थोडीथोडी ओळखू येते, वाचता येत नाही. मैत्रिणीला तर उजवीकडून सुरुवात होते एवढंच माहीत. ‘उर्दूसारखं काहीतरी आहे यार, तू मास कॉमवाली आहेस, बघ काही करता येतं का,’ असं ती मला म्हणाली. मास कॉममध्ये हे शिकवत नाहीत. पण मी गेले.

मोहेंजोदडोतला ‘जो’

आजी आठ-नऊ दशकांपूर्वीच्या लारकाना जिल्ह्यातल्या. मोहेंजोदडो त्याच जिल्ह्यात. इतिहासाच्या पुस्तकात आपण हे नाव एका दमात पाठ करतो, पण ते सिंधीतलं सरळ वाक्य आहे, ‘मुअन जो दड़ो’, म्हणजे मेलेल्यांचा टेकाड. यातला ‘जो’ म्हणजे आपला ‘चा’. आपण चा, ची, चे करतो तसे ते जो, जी, जा करतात. सिंधी साहित्यातला सगळ्यात मोठा ग्रंथ, अठराव्या शतकातले सूफी कवी शाह अब्दुल लतीफ यांचा ‘शाह जो रिसालो’, त्यातही तोच ‘जो’. आणि आपली ओळख करून द्यायची तर ‘मुंहिंजो नालो अमुक आहे’. माझं नाव अमुक आहे.

आता यावरून ‘म्हणजे सिंधी मराठीतूनच निघाली’ असं म्हणायची घाई करू नका. (व्हॉट्सअॅपवर अशी विद्यापीठं पुष्कळ आहेत.) दोन भाषांमध्ये नातं आहे हे एकदोन सारख्या शब्दांवरून ठरत नाही. ते ठरतं सवयींवरून. ही सवय कशी असते ते बघा.

मराठीत हात, कान, काम, सात, आठ. सिंधीत हथु, कनु, कमु, सत, अठ. दोघींच्या मागे प्राकृत होती, तिच्यात हे शब्द होते हत्थ, कण्ण, कम्म, सत्त, अट्ठ. मराठीनं जोडाक्षरातलं एक अक्षर सोडलं आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबवला, म्हणून ‘सात’. सिंधीनंही अक्षर सोडलं, पण भरपाई दिली नाही, म्हणून ‘सत’. पंजाबीनं काहीच सोडलं नाही, ती अजून ‘सत्त’, ‘अट्ठ’, ‘हत्थ’ म्हणते. एकाच घरातल्या तीन बहिणी आणि तिघींच्या तीन तऱ्हा. महत्त्वाचं हे की तऱ्हा एका शब्दापुरती नाही, शब्दामागून शब्द तशीच चालते. आपल्या ‘पाच’ला सिंधीत ‘पंज’, तर ‘दात’ला ‘ॾंदु’. अनुस्वार आला की पुढचं अक्षर मऊ होणार. सवय म्हणजे सवय.

2 फेब्रुवारी 1786 रोजी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीसमोर विल्यम जोन्स या न्यायाधीशानं संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच, कदाचित आता नाहीशा झालेल्या मुळातून आल्या असाव्यात असं सांगितलं. पुढे शंभर-दीडशे वर्षं अभ्यासकांनी जे केलं ते याच सवयी शोधण्याचं काम.

सिंधी शब्दांच्या शेवटचा तो बारीकसा ‘उ’ ऐकलात? हथु, कनु, घरु. हा आपल्याकडेही होता. ज्ञानेश्वरीच्या मराठीत असे उकारान्त शब्द पानोपानी भेटतात. आपण तो टाकून दिला, कोकणीच्या काही बोलींनी ठेवला, सिंधीनं ठेवला. त्यामुळे ज्ञानेश्वरी वाचताना आपल्याला जे सातशे वर्षांपूर्वीचं वाटतं, ते जरीपटक्यात एखादी आजी पोळी लाटता लाटता बोलून जाते.

काय बे!

आकड्यांची गंमत वेगळीच आहे. सिंधीत एकला ‘हिकु’, तीनला ‘टे’, दहाला ‘ॾह’. आणि दोनला? ‘ॿ’. हे अक्षर तुमच्या ओळखीचं नसेल. ‘ब’च्या खाली रेघ. उच्चार ‘ब’च्या जवळचा, पण तो कसा काढायचा ते पुढे सांगते.

मूळ शब्द संस्कृतातला ‘द्व’. यातला ‘द’ धरून मराठीनं ‘दोन’ केलं. सिंधीनं ‘व’ची बाजू धरली, तिचा ‘ब’ झाला. पण आपण तरी ‘ब’ पूर्ण सोडला कुठे? बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस. आणि शाळेत घोकलेलं ‘बे एके बे’! दोनचा पाढा आपण ‘दोन एके दोन’ असा म्हणत नाही. गुजराती आजही दोनला ‘बे’च म्हणतात. नागपुरात आपण ‘काय बे’ म्हणतो तो ‘बे’ मात्र यातला नाही, तो वेगळा.

इथेच एक खोड्याळ उदाहरण. मेळघाटातल्या कोरकू भाषेत दोनला ‘बारी’ म्हणतात. बारा, बावीस, बारी... जुळलं की! नाही जुळलं. कोरकू मुंडा कुळातली, संथाली-मुंडारीची बहीण, आणि तिचा ‘बारी’ त्या घरातून आलेला आहे. आपल्याशी दिसणारं साम्य निव्वळ योगायोग. म्हणूनच मघाशी म्हटलं, एकट्या शब्दावर विश्वास ठेवायचा नसतो.

विदर्भाइतकी भाषांची गर्दी फार कमी ठिकाणी सापडेल. मराठी, हिंदी, सिंधी एका कुळातल्या. गडचिरोली-चंद्रपूरकडची गोंडी आणि यवतमाळकडची कोलामी या द्रविड. गोंडीत दोन-तीन-चारला रंड, मूंद, नालुंग म्हणतात, तेलुगूत रेंडु, मूडु, नालुगु. नातं कळायला भाषाशास्त्राची पदवी लागत नाही. कोरकू तिसऱ्या कुळातली. आणि बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या बाजूला निहाली, जिचं कुळच सापडत नाही. तिचे पुष्कळ शब्द कोरकू, मराठी आणि द्रविड भाषांतून उसने आलेले, पण ते खरवडून काढल्यावर खाली जो थर उरतो तो जगातल्या कुठल्याच भाषेशी पटेल असा जुळत नाही. बोलणारे उरलेत दोन-अडीच हजार.

नोट काढा

आजी सहा वर्षांच्या असताना कराचीहून बोटीनं मुंबईला आल्या. तिथून एक छावणी, मग दुसरी, मग नागपूर. फाळणीत पंजाब आणि बंगाल अर्धे अर्धे झाले, सिंध मात्र अख्खा पाकिस्तानात गेला. दहा लाखांहून जास्त सिंधी हिंदू इकडे आले, त्यांच्या वाट्याला भाषेचं असं राज्यच नव्हतं. कल्याणजवळची छावणी पुढे उल्हासनगर झाली. पिंपरीत वसाहत झाली, कोल्हापूरजवळ गांधीनगर झालं, आणि नागपुरात जरीपटका आणि खामला. जरीपटका हा शब्द मराठ्यांच्या जरीच्या निशाणाचा, आणि त्या नावाच्या वस्तीत सिंधूकाठची माणसं येऊन राहिली. हे मला उगाचच आवडतं.

आलेल्या लोकांनी दुकानं उभी केली, शाळा काढल्या, कॉलेज काढलं. पाचपावलीतलं सिंधू महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेचं नाव ‘सिंधी हिंदी विद्या समिती’ आहे. त्या दोन शब्दांत मला सगळी गोष्ट दिसते. ‘हिंदी’ हा शब्दच मुळात ‘सिंधू’चा इराणी उच्चार. सिंधू, हिंदू, हिंद, हिंदी. जिच्या नदीनं हिंदीला नाव दिलं, तीच भाषा आज नागपुरात हिंदीत विरघळतेय.

कागदावर सिंधीचं बरं चाललंय. 10 एप्रिल 1967 रोजी ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, पंधरावी भाषा म्हणून. साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळतात. 2005 मध्ये सिंध आता भारतात नाही तर राष्ट्रगीतातून त्याचं नाव काढा अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती, न्यायालयानं ती फेटाळली. पण आता पाकीट उघडा, कुठलीही नोट काढा आणि मागे डावीकडे भाषांची पट्टी बघा. पंधरा भाषा आहेत. आसामीपासून उर्दूपर्यंत. सिंधी शोधा. नाही सापडणार. कोकणी आणि नेपाळी अनुसूचीत आल्या 1992 मध्ये, सिंधीच्या पंचवीस वर्षांनंतर, त्या नोटेवर आहेत. मैत्रिणीच्या बाबांचं आयुष्य दुकानाच्या गल्ल्यावर गेलंय. त्यांना हे सांगितलं तर त्यांनी दहाची नोट उलटीपालटी केली, हसले आणि गल्ल्यात ठेवून दिली.

लिपीचं भांडण मात्र घरातलंच. सिंधमध्ये इंग्रजांनी 1853 मध्ये अरबी वळणाची बावन्न अक्षरांची लिपी पक्की केली. व्यापाऱ्यांची चोपड्यांतली लिपी आणखी वेगळी होती. फाळणीनंतर इकडे काहींचं म्हणणं पडलं की भारतात राहायचं तर देवनागरी घ्या, मुलांना सोपं जाईल. दुसरे म्हणाले, लिपी सोडली तर तीनशे वर्षांचं साहित्य आणि पलीकडचे लोक दोन्ही तुटतील. शेवटी दोन्ही लिप्या मान्य झाल्या. मला दोन्ही बाजू पटतात, आणि मला वाटतं गोची तिथेच झाली. दोन्ही लिप्या मान्य झाल्या आणि घरातल्या पोरांना एकीतही सिंधी वाचता येईना. देवनागरीत सिंधीसाठी लागणारी ॻ, ॼ, ॾ, ॿ ही चार अक्षरं युनिकोडमध्ये आली 2006 मध्ये. म्हणजे तोवर ‘दोन’ हा आकडा नीट टाइप करणंही कठीण होतं.

पोर आणि ओझं

ही चार अक्षरं हीच सिंधीची खरी ओळख. आपण ‘ब’ म्हणताना हवा बाहेर फेकतो. सिंधी ‘ॿ’ म्हणताना गळ्यातली पेटी जराशी खाली ओढायची आणि हवा आत घ्यायची. लिहायला सोपं, करायला नाही. आजींनी मला दहादा करून दाखवलं. माझा प्रत्येक वेळी घोट गिळल्यासारखा आवाज आला. आजी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

हा नखरा नाही. ‘ॿारु’ म्हणजे मूल, ‘बारु’ म्हणजे ओझं. आवाज आत की बाहेर, एवढाच फरक.

आणि मग माझ्या लक्षात आलं. सिंधीत वडिलांच्या आईला म्हणतात ‘ॾाॾी’. दोन्ही अक्षरं आत ओढायची. माझी मैत्रीण आजीला हाक मारते ‘दादी’. साधी, सरळ, हिंदी दादी. म्हणजे ज्या बाईकडून हा आवाज तिच्यापर्यंत यायचा, त्या बाईला हाक मारतानाच तो गळून पडलाय. मी हे बोलून दाखवलं तेव्हा मैत्रीण जरा गप्प झाली. मग म्हणाली, ‘मला सगळं समजतं ना पण. फक्त बोलता येत नाही.’

हे वाक्य नागपुरातल्या किती घरांत बोललं जात असेल? गोंडीचं घर, कोष्ट्यांच्या घरातली हलबी, तेलुगू, छत्तीसगढी. भाषा नाहीशी होते म्हटलं की आपल्याला बातमीतलं चित्र आठवतं, 2010 च्या जानेवारीत अंदमानात बोआ सीनियर गेल्या आणि त्यांच्याबरोबर ‘बो’ भाषा संपली, तसलं. पण शेवटचा माणूस जातो तो शेवटचा अंक. युनेस्कोची भाषा तपासायची मोजपट्टी बोलणारे किती एवढंच बघत नाही, ती बघते की घरात मुलं ती भाषा शिकतायत का. मुलांनी घरात शिकणं थांबवलं की भाषा ‘निश्चित धोक्यात’. फक्त आजी-आजोबा बोलत असतील तर ‘गंभीर धोक्यात’. मधल्या पिढीला समजते, पण ती मुलांशी बोलत नाही. मैत्रिणीचे आईबाबा एकमेकांशी भांडतात सिंधीत, आणि मुलांना जेवायला बोलावतात हिंदीत.

या मोजपट्टीनं सगळी सिंधी संपत चाललीय असं नाही हं. पाकिस्तानात तीन कोटींहून जास्त लोकांची ती मातृभाषा आहे, तिथे शाळा आहेत, पेपर आहेत, चॅनल आहेत. भारतात 2011 च्या जनगणनेत सिंधीचा आकडा 27 लाख 72 हजार आहे, त्यात कच्छी बोलणारेही धरलेले. शिवाय जनगणना विचारते ‘मातृभाषा कुठली’. माझी मैत्रीणही ‘सिंधी’च सांगेल. घरात कुठल्या भाषेत रागावता, असा रकाना तिथे नसतो.

गोंडीचा आकडा त्याच जनगणनेत 29 लाख 84 हजार. सिंधीहून जास्त, तरी आठव्या अनुसूचीत गोंडी नाही. नागपूर शहर वसवलं गोंड राजा बख्त बुलंदशाहनं, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. त्याच्या शहरात आज बर्डीवर उभं राहून गोंडी ऐकू येते का बघा. सिंधी लोक तरी हजार मैल उखडले गेले. गोंडी तर जागची हललीही नव्हती.

आणि आपण मराठीवाले? आपली भाषा आठ कोटींची, आपल्याला काय भीती. पण ऑटोत बसल्या बसल्या ‘भैया, सदर चलोगे?’ कोण म्हणतं? मी म्हणते. समोरचा भैया कित्येकदा भंडाऱ्याचा मराठी निघतो आणि आम्ही दोघं सदरपर्यंत हिंदीत बोलत जातो.

वहीचं सांगायचं राहिलं. आधी आम्ही फोनचा कॅमेरा लावून बघितला. भाषांतराच्या ॲपमध्ये सिंधी आहे, छापील मजकूर जमतोही, पण आजींचं शाईचं घसटलेलं अक्षर पाहून ॲपनं भलतंच काहीतरी दाखवलं. मग सरळ आजींनाच बसवलं. इतक्या वर्षांत त्यांना कुणी वाचून दाखवा म्हटलं नव्हतं, आणि त्यांना वाटायचं पोरांना कशाला कंटाळा आणायचा. चश्मा लावून त्यांनी पहिलं पान उघडलं, बोट उजवीकडून सरकवलं. आम्हाला वाटत होतं फाळणीच्या आठवणी असतील, निदान कविता. निघाला दुधाचा हिशेब. दुधाला सिंधीत ‘खीरु’ म्हणतात, तेव्हा अजून शेर चालत होता, आणि रोजची नोंद होती. सोमवारी हिकु. मंगळवारी हिकु. बुधवारी ॿ.

‘बुधवारी दोन का?’ मी विचारलं.

आजींनी पानाकडे बघून जरा आठवलं. ‘पाहुणे आले असतील,’ त्या हिंदीत म्हणाल्या. मैत्रिणीनं फोनचं रेकॉर्डिंग चालू केलं आणि त्यांना पुढचं पान उलटायला सांगितलं.